कुठेच न नोंदलेलं नाव

प्रिय आई,

रोज फोन होतो, तरी हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. शालनमावशी उद्या मुर्ध्याला यायची आहे, तिच्या हाती देतेय. चष्मा लाव आणि एकटीच वाच. रविवारी आले होते तेव्हा सांगायचंच होतं. दोनदा तुझ्या मागे स्वयंपाकघरात आले, भाजी निवडून दिली आणि तशीच इंद्रलोकमधल्या माझ्या घरी परतले.

माझ्या सातवीच्या वर्गात चांदणी नावाची मुलगी आहे. फार बोलकी. वरसाव्याला राहते. महिन्यापूर्वी भर दुपारी तिची आजी घरात एकटी असताना फोन आला. चांदणीचा आवाज, रडत होता. मला गाडीने उडवलंय, कुणाला सांगू नकोस, पुलाजवळ एक काका येतील, त्यांना तुझ्या बांगड्या दे म्हणजे ते मला दवाखान्यात नेतील. आजी अनवाणी धावली. बांगड्या काढून दिल्या आणि नातीची वाट बघत दोन तास उन्हात उभी राहिली. त्या वेळी चांदणी माझ्याच तासाला तिसऱ्या बाकावर बसली होती.

हल्ली कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज हुबेहूब बनवता येतो, आई. थोडंसं बोलणं हाताशी असलं की पुरे. चांदणीच्या भाषणाचा व्हिडिओ शाळेच्या फेसबुक पानावर मीच टाकला होता, कौतुकाने. आवाज तिथूनच उचलला की आणखी कुठून, ते कळलं नाही. पण तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आजीला काही इजा झाली नाही. पण चांदणीने आतल्या खोलीतून हाक मारली की ती दचकते. म्हणते, आधी समोर ये, मग बोल. म्हणून पोरीने बोलणंच सोडलं. वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

मी मुलांना तंत्रज्ञान शिकवते. पालकांना वाटतं रोबो बनवायला शिकवावं, उद्या उपयोगी पडेल. मागच्या आठवड्यात मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : फोनवर ओळखीचा आवाज आला, तर माणूस तोच आहे हे कसं ओळखाल? मुलांनी गट केले. यतीन म्हणाला, व्हिडिओ कॉल करायचा. अथर्वने सांगितलं, चेहराही बनवता येतो. निहारच्या गटाने ठरवलं, फोन ठेवून आपणच त्या माणसाला उलटा लावायचा. तो उपाय मलाही पटला, पण भूमिकाने विचारलं, त्याचा फोन बंद असला तर?

मुलांना खरं वाटावं म्हणून मी माझाच आवाज बनवून आणला होता. लॅपटॉपवर लावला. 'आई, मी स्वप्नाली. घाबरू नकोस, पण लगेच ये.' मुलं आधी हसली, मग हसायची थांबली. आई म्हणताना मी शेवटी थोडं ओढते ना, तेसुद्धा त्यात होतं. मी लॅपटॉप मिटला. वाटलं, हे ऐकून माझी आई कशी धावत सुटेल.

तेवढ्यात चांदणीने हात वर केला. तीन आठवड्यांनी तिचा आवाज ऐकला. "टीचर, जे आपण फोनवर कधी बोललोच नाही, ते त्या खोट्या आवाजाला कसं येणार?"

तेच उत्तर ठरलं. प्रत्येकाने घरच्यांशी एक शब्द ठरवायचा, फक्त घरच्यांनाच ठाऊक असलेल्या गोष्टीतला. कुठे लिहायचा नाही, फोनवर उगाच बोलायचा नाही, अगदी गरज पडली तरच. दुसऱ्या दिवशी भूमिका म्हणाली, आमच्या घरात असं काहीच उरलं नाही, सगळं इंटरनेटवर टाकलेल्या फोटोंत आहे. चांदणीच्या आजीने मात्र संध्याकाळभरात तीनदा शब्द विचारून घेतला आणि मग तिला जवळ घेतलं. जाताना चांदणीने मला विचारलं, तुमचा ठरला का? मी खोटं बोलले, हो म्हणाले.

आई, मी खूप शोधलं. मुर्ध्याचं घर, बाबा, मिठागर, माझं लग्न, सगळं कुठे ना कुठे फोटोंत किंवा फोनवरच्या बोलण्यात आलेलं आहे. एकच गोष्ट नाही. मी आठ वर्षांची होते आणि तू दवाखान्यात होतीस. माझी बहीण बारशाआधीच गेली. तिचं ठरवलेलं नाव तू माझ्या कानात सांगितलंस आणि म्हणालीस, कुनाला बोलू नको. मी बोलले नाही. तू पण नाही, माझ्याशीसुद्धा नाही. ते नाव जगात फक्त आपल्या दोघींकडे आहे.

ते अशा कामाला मागतेय याची मला लाज वाटते. तू नको म्हणालीस तर दुसरं शोधू. पण चालेल म्हणालीस, तर एवढं कर. कधी माझा आवाज रडत, ओरडत आला, तर आधी विचार, तुझ्या बहिणीचं नाव काय? उत्तर आलं नाही तर मी कितीही रडत असले तरी फोन ठेव. मन घट्ट कर. आणि नाव आलं, तर ती मीच असेन. तेव्हा मात्र ये, आई, असशील तशी ये.

तुझीच थोरली,
स्वप्नाली