हिरड्याच्या शाईतला अंगठा

वडसा,
रविवार, दुपार

प्रिय रंजीता,

अक्षर ओळखलं असशील. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज बसलो तर फळ्यावर तारीख टाकून खडू हातात धरून उभा असल्यासारखं झालंय. धनराजचे मामा दादाजी मागच्या रविवारी तुझी चौकशी करायला माझ्याकडे येऊन गेले. मोडलेल्या लग्नातल्या मुलीची चौकशी आपल्याकडे आधीच्या सासरीच करतात, हे तुला ठाऊक आहे. माझ्या एका शब्दावर धनराजशी ठरलेलं तुझं लग्न मोडू शकत होतं. मी काय सांगितलं ते तुला माझ्याकडूनच कळावं. पण त्याची सुरुवात गिटारपासून करावी लागेल.

दिवाळीनंतर माळ्यावर उंदरांचा सुळसुळाट झाला म्हणून चढलो, तर जुन्या धोतरात गुंडाळलेलं ते गिटार सापडलं. तुमचा संसार इथं होता तेव्हा माझ्या सुनिलनं सुटे भाग मागवले होते ना, घरी जोडायचं म्हणून. दांडा तेवढा चिकटवला होता. खुंट्या आणि तारा पुडीत तशाच. लाकूड कोरं, पांढरट, नवीन वहीसारखं. पुण्याला फोन लावला. सुनिल म्हणाला, ठेवा नाहीतर टाका. मला टाकवेना. बाजारात लाकडाला द्यायचा रंग डब्यात मिळतो, पण माझ्या डोक्यात भलतंच. लहानपणी आमचे गुरुजी हिरड्याची शाई करायचे. सोमारी जंगलातून हिरडे घेऊन बाजारात येते, तिच्याकडून पायलीभर घेतले, कुटून उकळले आणि लोखंडी कढईत दोन दिवस तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी काळीभोर शाई. बोरूच्या शाईनं वाद्य रंगवणारा झाडीपट्टीत मी पहिलाच असेन. नाटक कंपन्यांची पोरं ओट्यावर येऊन बघून गेली. त्यांतला एक म्हणाला, मास्तर, आता याच्यावर शुद्धलेखन लिहा.

पॉलिश पेपरनं आधी हलक्या हातानं घासून घेतलं आणि मग चिंधीनं शाईचा पहिला हात दिला. लाकूड आधी मातकट झालं, मग ऊन खात खात काळपट तपकिरी. हिवाळ्याअखेरीच्या सागाच्या पानासारखं. मी मोठ्यानं कविता म्हणत बसलो होतो, म्हणून लगेच लक्षात आलं नाही. दांडा पोटाला मिळतो तिथं, डाव्या अंगाला, एक जागा रंगच घेत नव्हती. अजून एक हात दिला. बाकीचं सगळं गडद झालं आणि ती जागा जास्तच पांढरी दिसू लागली. चष्मा पुसून पाहिलं. अंगठा होता, रेषारेषांचा, आणि मधून तिरकी चीर गेलेला.

लटारू सुताराला बोलावलं. त्यानं नखानं खरवडून पाहिलं. "इथी गोंद लागला मास्तर. गोंद लाकडात मुरते, मंग रंग धरत नाई. घासून टाका, दहा मिनिटाचं काम हाये." आणि पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. मी तो खिशात ठेवला. मग त्यानं मला लाखेचं पॉलिश शिकवलं. चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधायचा, आणि थांबायचं नाही. बोळा थांबला की डाग पडतो. माझा हात काही केल्या चालेना, म्हणून मी भुजंगप्रयात धरला. लगागा लगागा, एक आखूड आणि दोन लांब. तसा हात सरसर फिरू लागला. लटारू बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लाकडाले कविता शिकवून राह्यले का?" हसू नकोस, तिसऱ्या हाताला लाकूड आरशासारखं चमकायला लागलं, आणि त्या आरशात तो अंगठा.

सुनिलचा अंगठा रुंद आणि आखूड, माझ्यासारखा. ती चीर कोणाची, हे मला शोधावं लागलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात धान कापताना तुझ्या अंगठ्याला विळा लागला होता, आणि हळद मीच दाबली होती. मग ती सगळी संध्याकाळ आठवली. तुम्ही दोघं ओसरीवर होता. दांडा दाबून धरायला शिकंजा नव्हता. सुनिल म्हणत होता, "सुटू देऊ नको, अर्धा तास हलू नको," आणि तू हसत होतीस, म्हणत होतीस की नाकावर माशी बसली आहे, तेवढी तरी हाकला. मग तो गोंदाचे हात धुवायला विहिरीवर गेला आणि तिथंच कोणाशी तरी बोलत बसला. तू धरूनच होतीस. त्याच संध्याकाळी दूध करपलं.

तुमची सोडचिठ्ठी ठरली त्या पंचांच्या बैठकीत करपल्या दुधाचा विषय मीच काढला होता. सुनिल पंचांसमोर म्हणाला, हिला माझ्या कशात रस नाही, माझ्या एका वस्तूला कधी हात लावला नाही. पंच माझ्याकडे वळले, मास्तर, तुम्ही सांगा. तुझी सासू, रुखमा, जिवंत असती तर तिनं मला तिथंच अडवलं असतं. ती नव्हती. मी म्हणालो, तो म्हणतो तसंच आहे, घरात लक्ष नाही, दूधसुद्धा करपवते. आयुष्यभर मुलांना सांगितलं की पाहिलं तेवढंच लिहा, आणि स्वतः वही न उघडता बरोबरची खूण करून मोकळा झालो. तू मान वर करून एकदाच माझ्याकडे पाहिलंस. संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. परवा सुनिलला अंगठ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मला नाही आठवत." खोटं बोलला असं वाटत नाही. त्याला खरंच आठवत नसेल. त्याच्यावर राग धरून मी सुटणार नाही.

तर दादाजी आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, बोलणं कमी. भामरागडच्या पलीकडे तू शिकवतेस त्या शाळेचं सांगितलं, धनराज तिथंच गणित शिकवतो, मुलं तुम्हा दोघांनाही सोडत नाहीत, हे सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, "तिकडं आमच्याकडं एक गोष्ट आली हाये मास्तर. पोरगी दूध करपवते म्हणून." माझा शब्द भामरागडच्या पलीकडे, नद्या ओलांडून गेला होता, रंजीता. मी उठलो, गिटार आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. अंगठा दाखवला. त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं, बैठकीत मी न पाहता बोललो हेही सांगितलं. त्यांनी आपला अंगठा त्या खुणेवर टेकवला, चिरेवरून फिरवला. मला वाटलं, झालं, पटलं यांना. चहा संपवून ते सावकाश म्हणाले, "पोरगी तं ओसरीत लाकूड धरून उभी होती. तुमी कुठी होते?"

घरातच होतो. हेच लिहायला मी आज बसलो आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आरामखुर्चीवर, रेडिओ लावून. कवितावाचन चाललं होतं. दुधाचा वास मला आला होता, रंजीता. चांगला आला होता. मी गॅस बंद करायला उठलो नाही. तू येशील म्हणून वाट पाहिली, आणि तू आली नाहीस म्हणून चिडलो. दादाजींना मी हे असंच सांगितलं. चपला घालताना ते म्हणाले, "धनराजले मी सांगतो. तारीख निघाली का तुमालेही कळवतो." मी पंचांकडेही जाऊन आलो. पाचांतले तीन भेटले, त्यांना सांगितलं. राहिलेल्या दोघांना मंगळवारी गाठतो. गिटारवर पॉलिशचा एक हात आणि तारा चढवायच्या बाकी आहेत. झालं की एस.टी.नं आलापल्लीवरून मीच घेऊन येईन. तू दारात घेतलं नाहीस तर शाळेच्या शिपायाकडे ठेवून परत फिरेन. लटारूनं दिलेला पॉलिश पेपर पिशवीत ठेवला आहे. ती खूण नको असेल तर घासून टाक, पण ते तू ठरवायचं. मी हात लावलेला नाही. आता दूध मीच तापवतो. वर येईपर्यंत समोर उभा राहतो, रेडिओ बंद ठेवून.

तुझाच,
ज्याला तू मामाजी म्हणायचीस