तेरा, चौदा, सत्तावीस

२२ सप्टेंबर

काढून घेतली! सातवी ब माझ्याकडून काढून घेतली आणि त्या दुसऱ्या गणितमास्तराच्या, कॉर्नेल ग्रेकूच्या पदरात टाकली. पाचवीपासून घडवलेली माझी पोरं! मुख्याध्यापिका दोयनाबाई कॉफी ढवळत म्हणाल्या, "स्मरांडा, मनाला लावून घेऊ नकोस गं. कॉर्नेलची बढतीची तपासणी आहे, त्याला चांगला वर्ग हवा." आणि मग हळूच — "शिवाय तू फळ्यावर चुकतेस म्हणे. मुलं हसतात."

चुकतेस म्हणे! अहो, मुद्दाम चुकते मी. दर तासाला एक चूक, आणि जो पकडेल त्याला माझ्या खिशातला एक अक्रोड. म्हणून तर पोरं फळ्यावर डोळा ठेवून असतात, माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. गणित असंच शिकायचं असतं. ग्रेकूला हे पक्कं ठाऊक आहे. मीच सांगितलं होतं त्याला, मोठ्या तोंडानं! आणि त्यानं जाऊन चुगली केली. जिरवीन त्याची. नाही जिरवली तर नावाची स्मरांडा नाही.

३० सप्टेंबर

सातवी बच्या वर्गावरून जाताना ग्रेकूचा आवाज ऐकला — "डोकं चालवू नका, सूत्रात आकडे घाला!" वर्ग चिडीचूप. माझी सातवी ब, आणि चिडीचूप!

१७ ऑक्टोबर

चोर! गुरुवारी शाळा सुटल्यावर सहा नंबरच्या खोलीत मी गणित स्पर्धेच्या मुलांना शिकवते. फळा तसाच ठेवून येते. शुक्रवारी पहिला तास तिथे ग्रेकूचा, माझ्याच सातवी बवर, आणि तो माझं उदाहरण आपलं म्हणून चालवतो! आज तोंडावर विचारलं. दात काढत म्हणाला, "फळ्यावर होतं, स्मरांडाबाई. फळा काय तुमच्या माहेरचा?" आयत्या बिळावरचा नागोबा! स्वतः सोडवूनही बघत नाही.

६ नोव्हेंबर

तपासणी चौदा तारखेला. शुक्रवार, पहिला तास, सहा नंबर! बाजारातून घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. शेजारीण म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली का?"

१३ नोव्हेंबर

केलं एकदाचं. मुलं गेल्यावर फळा पुसला आणि झक्क अक्षरात नवं उदाहरण लिहिलं: त्रिकोणी द्राक्षमळा, बाजू तेरा, चौदा आणि सत्तावीस मीटर, क्षेत्रफळ काढा. शेजारी ऐटदार त्रिकोण. आता तेरा आणि चौदा मिळून सत्तावीसच होतात! त्या दोन बाजू तिसरीवर सपाट झोपतात, त्रिकोण होतच नाही. ग्रेकू सूत्रात आकडे घालणार आणि जिल्ह्याच्या गावाहून, वासलुईहून, आलेल्या निरीक्षिकेसमोर उत्तर येणार — शून्य! एक घड लावायला जागा नाही असा मळा! घे म्हणावं बढती.

आज झोप छान लागेल.

१४ नोव्हेंबर

रीतीप्रमाणे आम्ही गणिताचे शिक्षक मागच्या बाकावर. निरीक्षिका झमफिरेस्कूबाई खिडकीशी, खोकत. ग्रेकूच्या गळ्यात नवा टाय. माझं उदाहरण पुसून त्यानं स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिलं होतं — आकडे तेच. गाढव!

"रुक्सांद्रा, ये. सूत्रात आकडे घाल."

माझी रुक्सांद्रा, सगळ्यात जास्त अक्रोड जिंकणारी, पुढे आली. खडू घेतला आणि थांबली. ग्रेकूनं घसा खाकरला. "घाल ना गं, काय झालं?"

"सर, या मळ्याला आतच नाही."

"आं?"

"तेरा नि चौदा सत्तावीस. कुंपण कुंपणाला चिकटलंय. द्राक्षं लावणार कुठं?"

ग्रेकू पांढराफटक. मी मनात म्हटलं, आता! तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अक्रोड!" आणि सगळा वर्ग बाकं बडवायला लागला — "अक्रोड! अक्रोड!" पोरांना वाटलं, शेवटी सरही खेळायला लागले! निरीक्षिकेनं विचारलं, हे काय? पोरांनी सांगून टाकलं: फळ्यावर मुद्दाम चूक असते, आम्ही पकडतो. बाई उठून उभ्याच राहिल्या. "ग्रेकू, इतक्या वर्षांत असा जिवंत तास पाहिला नाही! मुद्दाम केलंत ना?"

"अर्थात," मेला म्हणाला. "मुद्दामच."

दहापैकी दहा.

१५ नोव्हेंबर

मेला! मेला! मेला! जेवण गेलं नाही. माझाच अक्रोड, माझीच पोरं, आणि माझ्याच हातानं त्याच्या डोक्यावर मुकुट!

१७ नोव्हेंबर

फाटकाशी रुक्सांद्रा. हात पुढे. "बाई, अक्रोड."

म्हटलं, सरांकडे माग.

"सरांची चूक नव्हती ती. मी लवकर आले होते, फळ्यावर तुमचं अक्षर होतं." मग खाली बघत, "बाई, मला नसतं कळलं तर? त्या बाईंसमोर शून्य मीच काढलं असतं ना?"

हे मला सुचलंच नव्हतं! ग्रेकू स्वतः कधी सोडवत नाही, पोरांनाच फळ्याशी उभं करतो — हे ठाऊक असून! मला फक्त त्याचं पडलेलं तोंड दिसत होतं. खिशात अक्रोडही नव्हता. फार लाज वाटली.

२१ नोव्हेंबर

ग्रेकू घरी आला, प्लमच्या दारूची बाटली घेऊन. बारा डिसेंबरला निरीक्षिका तीस शिक्षकांना घेऊन येणार, 'ग्रेकू पद्धत' बघायला!

"स्मरांडाबाई, एक चूक द्या हो. मला मुद्दाम चुकताच येत नाही."

"मुद्दाम चुकायला आधी उत्तर यावं लागतं, कॉर्नेल."

मान खाली. "काय घ्याल?"

"सातवी ब. दोयनाबाईंना उद्याच सांग. आणि बाटली ने, अक्रोड आण. रुक्सांद्राचा एक द्यायचाय."

"बरं. आणि बारा तारखेला?"

"फळ्याशी मी. तू पोरांत बस. चूक पकडलीस तर तुलाही देईन अक्रोड."