शांताक्काचं एफ-फाइव्ह

सोमवार, ३ मार्च
रोहितने आज नवं टूल दाखवलं. यापुढे नुसतं रो., पुरं नाव लिहिण्याएवढा तो मोठा नाही. पुण्याहून इथे कन्नड मुलखात येऊन जेमतेम चार महिने झालेत आणि मला, इथल्या सॉफ्टवेअर-आर्किटेक्टला, आर्किटेक्चर शिकवतो. काय हवं ते वाक्यात लिहायचं, टूल कोड काढून देतं. एक बटण मागितलं तर अख्खी वरात आली, तयार कोडची शे-दोनशे पॅकेजं, कुणी कुणाच्या ओळखीचं नाही. आमचे साहेब मूर्ती मान डोलावत होते. त्यांना हलणारी कुठलीही गोष्ट आवडते.

ठरलं ते असं. माझं बिलिंगचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर, दुकानांत वर्षानुवर्षं चाललेलं, ते ब्राउझरमध्ये न्यायचं. ट्रायल इथल्या शिवाजीनगरला, पुण्याच्या नव्हे, शेठच्या कापडाच्या होलसेल दुकानात. जमली तर सगळी गिऱ्हाइकं रो.कडे. आणि मी? मूर्ती म्हणाले, "तुम्ही मार्गदर्शन करा." म्हणजे कोपऱ्यात बसा आणि चहा प्या.

गुरुवार, ६ मार्च
"डेस्कटॉप व्हर्जन पण देतोय, सर." काय देतोय कपाळ! तोच ब्राउझर खोक्यात घातला, वर आयकॉन चिकटवला. उघडेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून साडी घेऊन येईल. पूर्वी प्रोग्राम लिहायचे, आता मागवतात, हॉटेलातून डोसा मागवावा तसा. आत काय घातलंय ते मागवणाऱ्यालाही ठाऊक नाही.

पण दिसायला देखणं आहे. आणि मला ज्याला तीन महिने लागले ते त्याने तीन दिवसांत उभं केलं. हे इथेच लिहितो. बाहेर जीभ झडली तरी बोलणार नाही.

शुक्रवार, ७ मार्च
सापडलं. एफ-फाइव्ह.

माझ्याकडे एफ-फाइव्ह दाबलं की बिल सेव्ह होतं. ब्राउझरमध्ये तेच दाबलं की पान नव्याने उघडतं, भरलेलं सगळं जातं. रो.ने सेव्हला मोठं हिरवं बटण दिलंय आणि एफ-फाइव्ह तसंच मोकाट सोडलंय. दोन ओळींत बंद होईल. त्याला सुचलं नाही, टूलला कुणी विचारलं नाही.

शेठकडे बिलिंगला शांताक्का असतात. शिवाजीनगरातल्या जुन्या शिंपी घराण्यातल्या, घरी मराठी, त्यात निम्मं कन्नड. सेव्हला एफ-फाइव्ह त्यांनीच मागून घेतलं होतं. "अण्णा, एका हातात कापड असतंय, दुसऱ्याला न बघता सापडाय पाहिजे की." मी दिलं. तेव्हापासून त्या की-बोर्डकडे बघत नाहीत.

संध्याकाळी रो. आला. "सर, एकदा बघून घ्या ना, काही राहिलंय का?"

"झकास आहे. जाऊ दे."

आमच्यात आर्किटेक्टने हिरवी खूण दिल्याशिवाय काही बाहेर जात नाही. दिली. आपटू दे शेठसमोर, मूर्तींसमोर. फार बरं वाटलं. बायकोने विचारलं, आज स्वारी खुशीत? म्हटलं, उपीट छान झालंय.

सोमवार, १० मार्च
ट्रायल. रो.ने अक्कांना शिकवलं. त्या "सरी, सरी" म्हणत होत्या, म्हणजे बरं, बरं. मग लग्नाचा बस्ता घेणारं गिऱ्हाईक आलं, लांबलचक बिल. अक्कांनी भराभर भरलं, डाव्या हातात थानाचं टोक, उजवा हात वर गेला आणि पडदा पांढरा. बिल गायब. पुन्हा सगळं भरलं. पुन्हा गायब.

सगळे पडद्याकडे बघत होते. बोटाकडे मी एकटाच.

आता रो.ची उतरणार म्हणून मी मूर्तींकडे वळलो. रो. मधाच्या आवाजात म्हणाला, "आंटी, ते हिरवं बटण दाखवलं होतं ना?" शेठ म्हणाले, "एवढं मोठं बटण दिसत नाही हिला. वय झालं." गिऱ्हाईक हसलं. मूर्ती हसले. मीही हसलो.

मग रो.ने स्वतः बिल करून दाखवलं, बटण दाबून. शेठ खूश.

बुधवार, १२ मार्च
शेठनी ऑर्डर दिली. बिलिंगला त्यांची सून बसणार. अक्कांना महिनाअखेर सुट्टी, कायमची. शेठना ते तोंडावर सांगवत नाही, सॉफ्टवेअरवाल्यांनीच समजवावं म्हणतात. मूर्ती मला म्हणाले, "तुमची जुनी ओळख. तुमच्या भाषेत सांगा, तिला बरं वाटेल."

रो.ला बढती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

शुक्रवार, १४ मार्च
दुकानात गेलो. शेठ सुरतेला गेलेत. अक्कांनी कॉफी मागवली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "खरं सांग अण्णा, माझं कुठं चुकलं? तू आधी बघितलावतास म्हणे. तू बघितल्यावर मशीन बरोबरच असणार. स्वल्प करून दाखव की."

बसलो. चार ओळींचं बिल भरलं. बोलण्याच्या नादात हात आपोआप गेला. एफ-फाइव्ह. पडदा पांढरा.

"अय्यो," अक्का हळूच म्हणाल्या. "तुझं पण तेच झालं." आणि इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. "दोन रात्री झोपले नाही रे. म्हटलं, डोकं गेलं माझं. सोमवारी शेठ येतात. तूच सांग त्यांना, अण्णाचं पण असंच होतंय म्हणून. तुझं ऐकतात ते."

हो म्हटलं. नोकरीचं बोललो नाही. त्यांना वाटतंय आता सगळं मिटलं.

शेठना सांगायचं तर ते एफ-फाइव्ह मला कधी सापडलं हेही सांगावं लागेल. हिरवी खूण माझी आहे. रो. ती काढून मूर्तींसमोर धरेल, त्याच मधाच्या आवाजात. माझ्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो. आहेच मी माझ्या जागी.

निघताना अक्कांनी चिरोट्यांचा डबा दिला. बायकोने विचारलं, कुणी दिले? म्हटलं, एका गिऱ्हाइकाने. खुसखुशीत आहेत, तीन खाल्ले. मूर्तींचा मेसेज आलाय, "सांगितलंत का तिला?" अजून उत्तर दिलेलं नाही.