बोळवणीला वाजवलेलं गाणं

आबा, आज तुमच्याशी भांडायचंच असं ठरवून बसलो आहे. तुम्ही होतात तेव्हा समोर तोंड उघडायची माझी प्राज्ञा नव्हती, आणि आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की वयानं मी तुमच्या पुढे गेलो. परवा नातीच्या लग्नात कुणीतरी सिनेमातलं एक जुनं गाणं लावलं, तर शेजारी बसलेले गायनमास्तर नाक मुरडून म्हणाले, "हे काय संगीत आहे?" मी जेवत राहिलो. पण ते वाक्य तुमचं होतं, म्हणून उत्तर तुम्हालाच देतो.

तुम्ही सनईवर, काका संबळावर आणि मी सुरावर, असा आपला ताफा. सूर धरणं म्हणजे काय हे आता कुणाला माहीत नसतं. दुसरी सनई घेऊन एकच स्वर धरायचा, फुंक न तोडता, तुमचं वाजवणं संपेपर्यंत. नाकानं श्वास घ्यायचा, गालात साठवायचा आणि सोडत राहायचा. ते शिकवायला तुम्ही मला चुलीपाशी बसवायचात, पुढ्यात पाण्याचा तांब्या आणि तोंडात पपईचा पोकळ देठ. बुडबुडे थांबले की पाठीत रपाटा. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आवो, लेकराचे गाल सुजून राहिले, आता तरी सोडा." तुम्ही म्हणायचात, "गाल सुजल्याबिगर फुंक बसत न्हाई." त्यावर ती, "मंग तुमचे काहून न्हाई सुजत?" आणि तुम्ही हसायचात. तुम्हाला हसवणं फक्त तिलाच जमायचं. मला तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलीत, "माझ्याकडं कान देऊ नगं. आपल्या सुराकडं दे. माझ्या मागं लागलास की सूर हलतो." नऊ वर्षं मी तसंच केलं.

सिनेमाचं गाणं मी वसमतच्या बाजारात शिकलो. चहाच्या दुकानात भोंग्याचा फोनो होता. आपल्याला आत बाकावर बसू देत नव्हते, म्हणून मी बाहेर दगडावर बसून ऐकायचो. मालक तबकडी बदलायचा तेवढ्या वेळात मनातल्या मनात घोकून घ्यायचं. चार बाजारांत एक गाणं पाठ झालं, शब्दांसकट, आणि शब्द हिंदी होते तरी सगळे कळत होते. रानात जाऊन सुराच्या सनईवर तेवढं एक चोरून बसवलं. घरी नुसतं गुणगुणलो तर तुम्ही भाकरीचा घास खाली ठेवलात. "तीन मिन्टात सरतं. ते काय संगीत हाय व्हय? गूळपाणी हाय ते."

हो आबा, तीन मिनिटांत सरतं. पण तीन मिनिटांत माणसाला उभं करायचं, हलवायचं आणि घरी सोडायचं, हे तुम्ही करून पाहिलंत का कधी? आलापीत तुमची एखादी जागा निसटली तर पुढच्या फेऱ्यात तुम्ही ती सावरून घ्यायचात, आणि सुंदर सावरायचात, मी नाकारत नाही. या गाण्यात सावरायला वेळच नसतो. एक मात्रा फुकट गेली की गाणं गेलं. पुढे बँडमध्ये मी ती गाणी चाळीस वर्षं वाजवली, मला विचारा किती अवघड असतात ती. सोपं वाटावं असं वाजवायला जो घाम निघतो त्याला तुम्ही गूळपाणी म्हणत होतात.

आणि तुमचा राग ऐकत कोण होतं, हेही एकदा बोलूनच टाकतो. मांडवाबाहेर, जिथे चपला काढतात तिथे आपली जागा. मुहूर्त टळून दुपार झाली तरी सकाळचा राग दुपारी वाजवायला तुम्ही साफ नकार द्यायचात, आणि आत बसलेल्यांना सकाळचा कोणता अन् दुपारचा कोणता याचा पत्ताही नसायचा. तुम्ही डोळे मिटून कोमल गंधारावर थांबलेले असायचात आणि आत व्याही मानपानावरून हमरीतुमरीवर आलेले. पंगती उठल्यावर उरलेल्यात आपलं जेवण. तुम्ही म्हणायचात, राग मोठा आहे. आहेच. पण ज्याला तो कळत नाही तो माणूस छोटा, असं तुम्ही धरून चाललात, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. असं धरणाऱ्यांनीच आपल्याला चपलांपाशी बसवलं होतं.

आता साखरा गावातलं ते लग्न. निजामाचं राज्य अजून होतं, मी एकोणीस-वीस वर्षांचा. मुलगी सेनगावकडच्या एका बिजवराला दिलेली, नवरदेव तिच्या बापाच्या वयाचा. उन्हं कलली आहेत, गाडी जुंपली आहे, बोळवणीची वेळ. तुम्ही मुलतानी राग वाजवताय. आणि पोरगी रडत नाही. दगडासारखी उभी आहे. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवताहेत, "रड गं बाई, मोकळी हो." ती नुसती बैलांकडे बघतेय. तेवढ्यात बैलांच्या पायांची धूळ उठते, तुम्हाला ठसका लागतो आणि फुंक तुटते. तुमची फुंक तुटलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तुम्ही खोकत खोकत सनई माझ्या हातात दिलीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हणालात, "पुढं चालव."

मी सनई तोंडाला लावली आणि सिनेमाचं गाणं वाजवलं.

पहिल्या ओळीला पोरगी वळली. दुसऱ्या ओळीला तिचे ओठ हलले, म्हणजे तिलाही ते कुठून तरी येत होतं. आणि मग तिनं आईच्या गळ्यात पडून जो हंबरडा फोडला, आबा, तो मी अजून विसरलो नाही. मांडवाबाहेर काय चाललंय ते बघायला पहिल्यांदाच आतली माणसं बाहेर आली. तिची आई रडता रडता मला म्हणाली, "थांबू नगं रे लेकरा, रडून घेऊ दे तिला." पण तुम्ही थांबवलंत. सनई तोंडातून ओढलीत, माझा ओठ फाटला. सनईची फुंकायची पत्ती काढून मुंडाशात खोचलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "बोळवणीला बाजार मांडला यानं." घरी आल्यावर एवढंच, "माझ्या नरड्यावर पाय दिलास."

त्यानंतर तुम्ही मला सनईला हात लावू दिला नाही, सुरालाही नाही. आई मधे पडली, काका मधे पडले, काही उपयोग झाला नाही. मी हिंगोलीला जाऊन बँडपार्टीत क्लारनेट धरलं. निजामाचं राज्य गेलं त्या साली तुम्ही गेलात, आणि तोवर आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. माझं काय चुकलं होतं? एका पोरीला रडू येत नव्हतं, ते आलं. तुमच्या मुलतानीनं आलं नाही, त्या तीन मिनिटांच्या गाण्यानं आलं. याला संगीत म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, हे मला त्या गायनमास्तरांनी सांगावं, तुम्ही सांगावं, कुणीही सांगावं.

बँडमधल्या पोरांना हा किस्सा मी शेकडो वेळा ऐकवला आहे. बापाच्या तोंडावर कसं वाजवलं, कसं बंड केलं. ती पोरं टाळ्या द्यायची. सगळा गोतावळाही तेच धरून चालला, तुम्हीही तेच धरून गेलात. म्हणून हा कागद कुणाच्या हाती पडू देणार नाही, लिहून झाला की चुलीत घालीन.

मला मुलतानी येत नव्हती, आबा. तुम्ही "पुढं चालव" म्हणालात आणि माझ्याकडे पुढचं काहीच नव्हतं. नऊ वर्षं तुमच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि तुम्ही सांगितलंत तसा फक्त माझ्या सुराकडे कान देऊन बसलो. सगळी माणसं बघत होती, तुम्ही बघत होतात, आणि आख्ख्या जगात मला पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारं ते एकच गाणं होतं. तुम्ही मला उद्धट समजलात ते मी चालवून घेतलं. काही येत नाही असं समजला असतात, तर ते मला सोसलं नसतं.