झाकणावरचा डाग

३ मार्च, मंगळवार. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.
फोनोग्राफच्या झाकणाच्या कडेची धूळ बाबांच्या दाढीच्या ब्रशने काढत होतो, तेव्हा ही वही सुरू करायचं ठरवलं. ब्रश आता कुणाला लागत नाही. केस मऊ आहेत. घरात सगळे ग्रामोफोन म्हणतात. जुन्या वस्तूंचे दुकानदार फोनोग्राफ म्हणतात, म्हणून मीही. धंद्यात शब्द अचूक हवा. माझी शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन सुटलं नाही.

ठरलंय असं: दुकानदार २१ तारखेला माझ्या हाताचा नमुना बघायला येणार. पसंत पडला, तर त्यांच्या गोदामातली तीन यंत्रं मेण लावायला माझ्याकडे. पुढे कायमचं काम.

पाहणी: ओरखडे अकरा. झाकणावर एक मोठा फिकट डाग. डाव्या कडेपासून सव्वासात इंच, समोरच्या कडेपासून चार. आकार पंजाएवढा. कारण, बाबा. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येत नव्हतं. तबकडी लावून झाकण मिटायचे आणि त्यावर तळहात ठेवून बसायचे. गाणं लाकडातून वर येतं, म्हणायचे. घामाने पॉलिश गेलं.

बाबा जाऊन साडेतीन महिने झाले. मी ठीक आहे.

५ मार्च. दुपारी.
कोपऱ्यावरच्या सुतारांना विचारलं. म्हणाले, फडकं ओलं करून घट्ट पिळ, एकदा फिरव. मेणाचा एकच पातळ हात दे. दोन दिवस विसरून जा. मग कोरड्या फडक्याने घास. संपलं. डागाचं काय, विचारलं. तर म्हणाले, राहू दे की, तुला चावतोय का तो? माणूस अनुभवी, पण महत्त्वाकांक्षा नाही.

६ मार्च.
ताईकडून पाचशे घेतले. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली, शंभर. 'प्राचीन फोनोग्राफ : काष्ठ-निगा'. कच्च्या प्रतीत 'काष्ट' होतं. सुधारून घेतलं.

९ मार्च.
आई रोज दुपारी भांडी झाली की यंत्रापाशी बसते. तबकडी लावत नाही. नुसता हात ठेवते, तोही नेमका डागावर. हात ओले असतात. लाकडाला पाणी वाईट, असं सांगितलं. बरं म्हणाली.

१० मार्च.
आज हात पुसून बसली. समजावून सांगितलं की फरक पडतो.

१२ मार्च. सकाळी १०.
ओल्या फडक्याने डाग जात नाही. स्पिरिट आणि स्टील वूल आणलं. दहा मिनिटांत डाग गायब. सुतारांना कळवायला हवं.

दुपारी १२.
डागाबरोबर आजूबाजूचं पॉलिशही विरघळलं. लहान डागाच्या जागी आता मोठा आहे.

दुपारी ४.
एकसारखं दिसावं म्हणून सगळं झाकण खरवडलं. आता सगळीकडेच फिकट, म्हणजे डाग असा उरलाच नाही. प्रगती.

१३ मार्च.
आईच्या दुधाच्या पातेल्यात मेण वितळवलं, खाली उतरवून टर्पेंटाइन मिसळलं. पातळ एक हात सांगितला होता, पण दिवस थोडे. जाड पाच हात दिले. चमक पाचपट.

१४ मार्च.
चहाला टर्पेंटाइनचा वास. आईने दोन घोट घेऊन कप ठेवला. ती हल्ली बोलत नाही, त्यामुळे तक्रार आहे की नाही हे कळायला मार्ग नाही.

१७ मार्च.
मेण वाळलेलं नाही. झाकणावर दोन केस, स्वेटरची लव, एक माशी. ताई आणि भाऊजी आले होते. भाऊजी म्हणाले, मेण मधमाशीचं, आणि ही माशी तिची धाकटी जाऊ, वाटा मागायला येणारच. ताईने विचारलं, तू झोपतोस ना रे नीट? झोपतो. तिला विषयांतराची सवयच आहे.

२१ तारखेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, असं आईला बजावलं. वर चादर टाकली.

१८ मार्च.
चादर चिकटली. ओढून काढल्यावर झाकणावर विणीची नक्षी. सहावा हात दिला. आई दुपारी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर.

२१ मार्च. सकाळी ११.२०.
दुकानदार आले. कार्ड दिलं. त्यांनी ते झाकणावर ठेवलं, मग खिशात घालायला उचलू लागले. उचलेना. नखाने थोडं मेण खरवडून पाहिलं. आवाज न चढवता म्हणाले, "जुनी लाख होती यावर. ती काढायला कुणी सांगितलं होतं?"

डाग होता, असं सांगितलं. ते म्हणाले, नवं पॉलिश पैसे टाकले की मिळतं, जुनं मिळत नाही. गोदामातल्या यंत्रांचं बघू म्हणाले. चहा नको म्हणाले. वासाचा विचार करता बरंच झालं. 'बघू' म्हणजे नकार नव्हे.

दुपारी ३.
२१ तारीख आली, म्हणून आई यंत्रापाशी बसली. हात झाकणावर नेला, पण टेकवला नाही. थोडा इकडे नेला, थोडा तिकडे, अंधारात चष्मा शोधावा तसा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुठे होता रे तो?"

मला सांगता येईना. रोज बघत होतो तरी. वही काढली, ३ मार्च. पट्टी आणली. डावीकडून सव्वासात, समोरून चार. बोट दाखवलं. मेण ओलं आहे हे सांगायचं राहिलं. तिने तिथे तळहात ठेवला.

साडेचारपर्यंत ठेवला. मी शेजारी पट्टी घेऊन उभा होतो.

२२ मार्च, रविवार. सकाळी ८.
मेण वाळलं. झाकणावर आईचा पंजा उमटलाय. पाच बोटं, अंगठीची रेघसुद्धा. कोरड्या फडक्याने घासलं की जाईल. नऊला घासायचं.

९.४०.
आधी हिशोब करून टाकतो.

मेण २४०. टर्पेंटाइन ११०. स्पिरिट ९०. स्टील वूल ६०. कार्डं ३५०. एकूण ८५०.
देणं : ताई ५००. सुतार काही नाही, सल्ला फुकट होता.
येणं : नाही.
शिल्लक : कार्डं नव्याण्णव. फडकी चार होती, बाबांच्या बनियनची. तीन वाया गेली. चौथं कोरडं, शेवटच्या घासणीचं. घडी मोडलेली नाही.