ना डावं दार, ना उजवं

९ फेब्रुवारी
वही, माफ कर. कित्येक महिने तुला हात लावला नाही. मधल्या काळात मी पक्ष फोडला. फोडला म्हणू नये. आम्ही सात खासदार बाहेर पडलो. आमच्याच सरकारने सरकारी इस्पितळं कंत्राटदारांच्या घशात घालायचं विधेयक आणलं आणि मला किळस आली. नवा पक्ष: मध्यावर उभा, पण डावीकडे झुकलेला. वाक्य माझं. बायको म्हणाली, असा उभा राहिलास तर कंबर धरेल. तिला राजकारण कळत नाही.
संकल्प: रोज लिहायचं. स्वतःला फसवायचं नाही.

१० फेब्रुवारी
ताईचा फोन. ती सरकारी इस्पितळात नर्स आहे, बायकांच्या वॉर्डात. म्हणाली, बाळ्या, तू पक्ष काढ नाहीतर चपलांचं दुकान काढ, पण मतदानाला जागेवर बस. वॉर्ड गेला तर या बायका जाणार कुठे? मी म्हटलं, ताई, माझं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती म्हणाली, बरं, जेवलास का?

१४ फेब्रुवारी
सभागृहात उजव्या दाराने सरकार शिरतं, डाव्याने विरोधक. मग आम्ही कुठून शिरायचं? हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता, याचीच शिसारी आली. उजवं दार आपण सोडलं. डाव्या दारातले सत्तेत असताना हेच विधेयक आणणार होते. उरलं मधलं. ते कॅन्टीनच्या बोळात उघडतं, तिथे खरकट्याचा वास असतो. असू दे. प्रदीर्घ चर्चेनंतर एकमताने ठराव: पक्ष मधल्या दारानेच जाईल. (तोवर बैठकीत मी आणि आमच्या अध्यक्षा बाई एवढेच उरलो होतो. बाईंचा डोळा लागला होता.)

१९ फेब्रुवारी
आमच्या सातांतला वकील सरकारात परत. परवा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तत्त्वांसाठी रडला, आज उपमंत्री. त्याचा ओला रुमाल माझ्याच खिशात राहिलाय. चिमटीत धरून फेकला.
स्वतःला विचारलं: मला देऊ केलं असतं तर? प्रामाणिक उत्तर: कोणी दिलं नाही. म्हणजे प्रश्नच गैरलागू.

२३ फेब्रुवारी
वकिलामागून आणखी चौघे गेले. शी! उरलो मी आणि बाई. आणि आज बाईंना डाव्या दारातून आत जाताना पकडलं. म्हणाल्या, भाऊ, गुडघे दुखतात, तो बोळ लांब पडतो. तत्त्वाला गुडघे असतात का? हे घरी आल्यावर सुचलं.

२६ फेब्रुवारी
उद्या मतदान. बाई म्हणाल्या, घंटा थांबली की दारं लागतात, उद्या एक दिवस मुकाट डाव्याने या. मी बघू म्हटलं. माझं बघू म्हणजे नाही, हे त्यांना अजून कळत नाही.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
घंटा झाली तेव्हा मी बोळातच होतो. मधलं दार आतून लावलेलं. मतदानाला ते सगळ्यात आधी लावतात म्हणे. डाव्या दाराकडे धावता आलं असतं, वेळ होता. पण धावलो तर ठराव मोडतो, आणि ठराव माझाच. नाही धावलो तर मत बुडतं. दोन्ही बाजू नीट तपासल्या. तपासून होईपर्यंत घंटा थांबली होती.
आत समसमान मतं पडली. सभापतींनी आपलं मत सरकारच्या पारड्यात टाकलं. विधेयक मंजूर.
बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, भाऊ, मत बुडालं, पण ठराव वाचला बरं का तुमचा. उद्यापासून त्या अपक्ष. म्हणजे पक्षात आता संपूर्ण एकजूट आहे.
कोटाला खरकट्याचा वास येतोय. बायकोने तो बाहेर टांगला. ताईचे फोन येऊन गेले. उचलले नाहीत, निवेदनाचा मसुदा चालू होता. पहिल्याच वाक्यात अडलो.

उद्या: ताईला फोन करणे.