रुखवतातलं कापड

ब्राह्मणपुरी,
एप्रिल १९३८

प्रिय नर्मदामावशी यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या मैत्रिणीचा, भिकूबाईचा मुलगा चुडामण. आई दोन वर्षांपूर्वी गेली. हा तिसरा कागद आहे. आधीच्या दोहोंत खाडाखोड झाली.

आईच्या पेटीत भरतकामाचं एक कापड आहे. लाल दोऱ्यानं मुळाक्षरं, खाली दोन पोपट नि सारंगखेड्याच्या जत्रेत शोभेल असा सजवलेला घोडा, कोपऱ्यात ‘भिकू’. तिच्या लग्नात ते रुखवतात मांडलं होतं. आता माझ्या बहिणीचं, कमलचं लग्न ठरलं, म्हणून पेटीतून काढून उन्हात धरलं, तर ‘भिकू’खाली दुसऱ्याच नावाची बारीक भोकं दिसली. मला चैन पडेना. शहाद्याला, आईला लहानपणी शिवण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या शांतीबाईंकडे गेलो. त्यांनी आधी कापड उलटं केलं. मागं एकही गाठ नव्हती. फक्त ‘भिकू’मागं गुंताच गुंता. त्या हसल्या. “हाई नर्मदानं काम शे. तुन्ही मायले तं सुईमा दोरा घालता येत नव्हता.”

उरलेलं त्यांनीच सांगितलं. पंधराव्या वर्षी कुंकू पुसून तुम्ही माहेरी आलात, त्याच वैशाखात आईचं लग्न होतं. विधवेच्या हातचं रुखवतात चालत नाही, म्हणून तुम्ही आपलं नाव स्वतः उसवलंत नि कापड तिला दिलंत. तिच्या हळदीला तुम्ही गोठ्यामागं उभ्या होतात. आता भावाकडे कोरीटला असता, हेही त्यांनीच सांगितलं. आई दर दिवाळीला ते कापड मांडीवर घेऊन बसे. आम्हाला वाटे, तिला आपल्या कामाचा अभिमान आहे.

वडिलांना विचारलं. त्यांनी हातातली पेंढी बैलांपुढं टाकली. मग म्हणाले, “माले माहीत व्हतं.”

हे ऐकून कमल हटून बसली. आई नाही, तर पहिली हळद नर्मदामावशीच लावतील, नाही तर मी पाटावर बसत नाही, म्हणते. काकू म्हणाली, “लोके काय म्हणतीन?” कमल म्हणाली, “हळद माले लागनार शे, लोकेसले नही.”

म्हणून हे पत्र. हळद वैशाखात, आखाजीच्या सणानंतर दोन दिवसांनी आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी कोरीटला गाडी येईल. वडील स्वतः हाकणार आहेत. तुम्ही नाही म्हणालात, तरी ते तुमच्या दारात बसून राहतील, असं त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

तुमचाच,
चुडामण